मुलांची पोटदुखी : सोंग की वेदना?

सोमवारची सकाळ. मुलगा पोट धरून बसतो. दवाखान्यात तपासणी होते. ‘काही नाही’ असे उत्तर मिळते. मग घरात दोन पक्ष पडतात. आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, तर वडील ‘शाळा बुडवायची सोंगे’ म्हणून दटावतात. या दोन्ही मतांपलीकडे पाहण्याचा हा अल्प प्रयत्न.

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी ब्रिस्टलच्या १००० शाळकरी मुलांची पाहणी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. दर नऊ-दहा मुलांमागे एकास वारंवार पोटदुखी होती. बहुतेकांत शारीरिक रोग सापडला नाही. त्यांच्या घरच्या मंडळींतही दुखण्याच्या तक्रारी अधिक होत्या.

मग वेदना खोटी का? मुळीच नाही. आतडी व मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी संवेदनाही कळ म्हणून जाणवते.

घरच्यांच्या वागण्याचाही त्यावर परिणाम होतो. अमेरिकेत लिन वॉकर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना भरपूर पाणी पाजून पोटात अस्वस्थता निर्माण केली. ज्या पालकांनी दुखण्याचीच विचारपूस केली, त्यांच्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. ज्यांनी लक्ष दुसरीकडे वळवले, त्यांच्या मुलांच्या निम्म्यावर आल्या.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील अनेक आदिवासी मुले आईबापांपासून दूर, आश्रमशाळांत राहतात. ‘मला घरची आठवण येते’ हे सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगता आले नाही, तर कधी ते त्याचे पोट सांगते.

तथापि, प्रत्येक दुखणे मनाचे समजणे घातक ठरेल. जंत, बद्धकोष्ठता, लघवीचे विकार आधी तपासावेत. वजन घटणे, ताप, शौचावाटे रक्त, झोपेतून जागे करणारी कळ, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे त्वरित न्यावे. तपासणीत काही न निघाल्यास मुलावर विश्वास ठेवावा, शाळा व खेळ चालू ठेवावेत आणि मारहाण, चिडवणे, घरातील भांडण वा मृत्यू यांविषयी शांतपणे विचारावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’चा सल्लाही मिळतो.

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. वर्गात पोट धरून बसलेल्या मुलाला ‘नाटकी’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबलो, तरी मानसशास्त्राचा आपला अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.