घंटा दुपारी वाजते

प्रश्न : मुलाच्या शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला स्त्री-पुरुष समानतेवर निबंध लिहून घेतात. त्याला गुणही भरपूर मिळतात. पण जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नाही! समानता शिकवता येते का हो? लखनौच्या एका शाळेत म्हणे ती अभ्यासातच आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताटाचा मुद्दा बिनतोड आहे. ती शाळा म्हणजे ‘प्रेरणा’. उर्वशी साहनी यांनी २००३ साली ती लखनौमधल्या गरीब घरच्या मुलींसाठी काढली. त्यांची ‘स्टडी हॉल’ ही फी भरणाऱ्यांची शाळा १९८६पासूनची. प्रेरणा त्याच इमारतीत भरते, पण दुपारी. यातल्या बऱ्याच मुली सकाळी लोकांकडे धुणीभांडी करतात. घंटा सकाळी सातला वाजली असती, तर वर्गात आलं कोण असतं? मला विचाराल तर सर्वांना सामावून घेण्याचा पहिला धडा त्या वेळापत्रकातच आहे.

गणित, विज्ञान तिथेही असतंच. जोडीला संवादाचा तास. मुली गोल करून बसतात आणि बाई व्याख्यान देण्याऐवजी प्रश्न टाकतात. घरकाम, मारहाण, लवकर उरकलं जाणारं लग्न, सगळं निघतं. आपल्या वाट्याला आलं ते नशीब नव्हे, माणसांनी घातलेली रीत आहे, हे बोलता बोलता उमगतं. त्याची नाटकंही बसवतात. पुढे मुलग्यांसाठीही वेगळी शाळा निघाली आणि त्यांनाही हाच तास आला. नाहीतर बदलायचं सगळं ओझं पुन्हा मुलींच्याच डोक्यावर!

आपल्याला हे नवं नाही. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तोही निबंधच, पण भोगलेलं सांगणारा. तुमच्या चिरंजीवांच्या वहीत मात्र बहुधा फळ्यावरून उतरवलेले मुद्दे असतील.

तेव्हा पुढच्या रविवारी त्याला निबंध नको, नोंद करायला सांगा : आज घरात कुणी कोणतं काम केलं आणि किती वेळ. वही जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचायची. त्यात तुमचंही नाव असेल, तेवढी तयारी ठेवा.