बालपणीचा धक्का आणि मेंदूची घडण

मागच्या आठवड्यात नांदेडहून छत्तीस वर्षांचे एक गृहस्थ लातूरला माझ्याकडे आले. पहाटे चारच्या सुमारास दचकून जाग येते, छाती धडधडते, ही तक्रार. ईसीजी, रक्तदाब सर्व ठीक. बोलता बोलता कळले, की ते मूळचे औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ते चार वर्षांचे होते. आई त्यात गेली.

"मला तर त्यातलं काहीच आठवत नाही, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. मुलगी यंदा चार वर्षांची झाली आणि त्रास सुरू झाला. झोप नाही, मग चिडून तिच्यावर हात उचलला जातो, हेही त्यांनी खाली मान घालून सांगितले.

वाचकहो, आठवत नाही म्हणजे परिणाम झाला नाही, असे नव्हे. मेंदूतील भीतीचे केंद्र लवकर काम करू लागते. प्रसंग साठवणारा भाग उशिरा तयार होतो. म्हणून प्रसंग विसरतो, भीती राहते.

घाबरल्यावर शरीरात कॉर्टिसॉल वाढते. कुणी जवळ घेतले की ते उतरते. पण रोजची मारहाण, दारूमुळे होणारी भांडणे, उपासमार असेल तर ते उतरतच नाही आणि वाढता मेंदू सतत सावध राहतो. अमेरिकेत १७ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत असे दिसले, की बालपणी जितके आघात अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसन व हृदयविकार अधिक.

मात्र हे विधिलिखित नव्हे. रुमानियात अनाथालयातील जी मुले दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, ती अधिक सावरली. भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. आधार मिळाला, की मूल उभे राहते.

पालकांनी एवढे करावे :

१. मुलाला मारू नये, भीती दाखवू नये.

२. जेवण, झोप यांच्या वेळा व सांभाळणारे माणूस शक्यतो बदलू नये.

३. घरात मृत्यू झाल्यास "गावाला गेली" असे सांगू नये. सोप्या शब्दांत खरे सांगावे.

४. मूल गप्प झाले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानस १४४१६ व बालकांसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत.

त्या गृहस्थांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. निघताना एकच सांगितले, "हात उचलावासा वाटला, की आधी तिला जवळ घ्या."