पोस्टाची पेटी आणि घराची पेटी

बाय, उद्या सकाळी तू शाखा डाकघराचा चार्ज घेशील. मशीन कसं चालवायचं, पावती कशी काढायची ते तुला प्रशिक्षणात शिकवलंच असेल. मी सांगतो ते पैशाबद्दल. अडतीस वर्षं हेच काम केलं, आधी ई.डी. म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल पोस्टमास्तर म्हणून आणि नंतर तेच पद ग्रामीण डाक सेवक झालं तेव्हा त्या नावाने. मामाने सांगितलेलं पटलं नाही तर विचार, पण ऐकून सोडून देऊ नको.

तुझ्या घरी ओटीवर दुकान आणि पडवीत पोस्ट असणार. खात्याची अटच आहे की डाक सेवकाला पोटापाण्याचं दुसरं काही साधन हवं, म्हणून आपल्याकडे निम्मी शाखा डाकघरं अशी दुकानाला, शेतीला, नाहीतर शिलाईमशीनला खेटून चालतात. धोका तिथूनच सुरू होतो. दुकानात सुट्टे नाहीत, गिऱ्हाईक उभं आहे, हात पोस्टाच्या पेटीकडे जातो. संध्याकाळी परत ठेवीन म्हणून घेतलेले दोनशे. संध्याकाळी लक्षात राहतं, दुसऱ्या दिवशीही राहतं, तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात. म्हणून पहिल्या दिवसापासून पेटी वेगळी, कुलूप वेगळं, किल्ली तुझ्या कमरेला. सुट्टे हवे असतील तर शंभराची नोट पेटीत टाकून दहाच्या दहा घ्यायच्या, तेही पेटी उघडी असताना, मोजून. जावईबापूंनाही किल्ली द्यायची नाही. त्यांचा राग आला तरी चालेल. पेटीत कमी पडलं तर खातं त्यांना विचारणार नाही, तुला विचारणार आहे.

त्या पेटीतला पैसा कुणाचा, हे एकदा डोक्यात पक्कं बसव. तू तिकिटं विकलीस, स्पीड पोस्टचे पैसे घेतलेस, तर तो सरकारचा महसूल. राज्यघटनेच्या 266 व्या कलमाप्रमाणे तो भारताच्या संचित निधीत जातो आणि संसदेने केलेल्या कायद्याशिवाय तिथून पैही निघत नाही. बायजा म्हातारीने बचत खात्यात टाकलेले पाचशे मात्र सरकारचं उत्पन्न नव्हे. ती तिची ठेव. ती त्याच कलमातल्या लोकलेख्यात जाते, आणि 1 एप्रिल 1999 पासून अल्पबचतीचा सगळा पैसा तिथल्याच राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा धरला जातो. एकाच पेटीत, एकाच रबरबँडखाली हे दोन्ही पैसे असतात. दोन्हींत तुझं काही नाही. मी हे सांगतोय कारण माणूस रोज नोटा मोजतो आणि हळूहळू त्याला त्या ओळखीच्या वाटू लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे तात्पुरते वापरले आणि परत ठेवले तर काय बिघडलं, असं तुला कुणीतरी नक्की म्हणेल. कदाचित तूच स्वतःला म्हणशील. कायदा याचं उत्तर स्पष्ट देतो. थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 403 कलमाखालच्या स्पष्टीकरणात हे लिहिलेलं होतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते 314 व्या कलमात तसंच आहे. सोपवलेला पैसा लोकसेवकाने खाल्ला तर तो फौजदारीपात्र न्यासभंग, पूर्वीचं 409, आताचं 316 कलमाचं पाचवं पोटकलम. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, नाहीतर दहा वर्षांपर्यंत. आपण पाच तासांची नोकरी करणारी साधी माणसं, आपण कुठले लोकसेवक, असं वाटून घेऊ नको. ई.डी. माणसं नागरी पद धारण करतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच ठरवलं. त्या निकालाने आपल्याला संरक्षण मिळालं, चौकशीशिवाय काढता येत नाही ही ताकद मिळाली. पदाचं संरक्षण घ्यायचं तर पदाची जबाबदारीही घ्यावी लागते.

माझ्या ओळखीचा एक मास्तर होता, शेजारच्याच खोऱ्यातला. माणूस वाईट नव्हता. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि भत्ता चार दिवसांनी होणार होता. त्याने चार दिवसांसाठी पोस्टातली रोकड उचलली आणि रोजच्या हिशेबात शिल्लक पूर्ण दाखवली. दुसऱ्याच दिवशी तपासणी करणारा मेल ओव्हरसीयर अचानक आला आणि म्हणाला, कॅश काढा. मास्तराने उसनवारी करून दोन तासांत रक्कम भरली. पण ओव्हरसीयरच्या मोजणीत ती नव्हती, आणि आदल्या संध्याकाळच्या हिशेबावर होती, मास्तराच्याच सहीनिशी. पुट ऑफ ड्युटी, म्हणजे कामावरून दूर ठेवणं, मग चौकशी, मग सेवेतून काढणं. भरलेले पैसे त्याला वाचवू शकले नाहीत. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टपालखात्यातल्याच एका कर्मचाऱ्याबद्दल हेच सांगितलं. त्याने 85 आरडी खात्यांतून सोळा लाखांवर रक्कम हडपली आणि पुढे व्याजासकट भरली. खालच्या पायरीवर त्याची शिक्षा सौम्य झाली होती. न्यायालयाने सेवेतून काढण्याचीच शिक्षा कायम केली. पकडल्यावर पैसे भरले म्हणून दया नाही.

तुझा स्वतःचा भत्ताही ठरल्या दिवसाआधी पेटीतून घ्यायचा नाही. तो तुझाच असला तरी त्या दिवसापर्यंत तो सरकारचा आहे.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुझ्याकडूनही होऊ शकते. एका बाईला मनीऑर्डरचे पैसे देताना मी शंभराची एक नोट जास्त दिली. संध्याकाळी हिशेब लागेना. रात्री खिशातले शंभर पेटीत टाकले, शिल्लक जुळवली आणि गप्प बसलो. कुठेच लिहिलं नाही. तीन दिवसांनी बाई नोट परत घेऊन आली. मी घेतली, खिशात ठेवली, माझीच होती ती. महिन्याने इन्स्पेक्टरसाहेब मनीऑर्डरची पडताळणी करायला तिच्या दारात गेले. ती भाबडेपणाने म्हणाली, मास्तरांनी मला शंभर जास्त दिले होते, मी परत दिले. साहेबांनी माझा हिशेब उघडला. त्यात ना तूट, ना परतफेड. मग हे शंभर कुठून आले, कुठे गेले, आणि असे आणखी किती, याचा खुलासा लिहिताना मला रात्र पुरली नाही. शंभर रुपये माझे होते, हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे एकही नव्हता.

म्हणून तूट आली तर त्याच दिवशी लिहायची. पैसे भरले तरी लिहायची. सर्वसाधारण वित्तीय नियमांतला 33 वा नियम हेच म्हणतो: सरकारी पैशाची तूट झाली तर लगेच वर कळवायची, ज्याच्यामुळे झाली त्याने भरून दिली असली तरीसुद्धा. किरकोळ, दहा हजारांपर्यंतच्या नुकसानीला नियमात सूट आहे. तू त्या सुटीच्या आश्रयाला जाऊ नको. जादा निघाले तर तेही लिहायचे आणि जमा करायचे. पुष्कळ जण जादा निघालेली रक्कम उद्याच्या तुटीसाठी पेटीच्या कोपऱ्यात ठेवतात. तो कोपरा तपासणीत सापडला तर तुला खुलासा करता येणार नाही, कारण ती रक्कम कुणाच्या तरी खात्यात जमा व्हायची राहून गेलेली असू शकते.

पासबुकाबद्दल दोन गोष्टी. एक, कुणाचंही पासबुक पावती दिल्याशिवाय पोस्टात ठेवून घ्यायचं नाही. गावात लोक विश्वासाने सांगतात, मास्तरीणबाई, असू दे तुमच्याकडेच, घरी उंदीर खातात. हा विश्वास तुला बुडवेल. बहुतेक भानगडींच्या मुळाशी पोस्टात पडून राहिलेली पासबुकं असतात. दुसरी, पैसे हातात आले की नोंद त्याच क्षणी, मशीनवर, पावती खातेदाराच्या हातात, मगच नोट पेटीत. वाटेत, बाजारात, लग्नाच्या मांडवात कुणी पाचशे पुढे केले तर हात मागे घे. म्हण, पोस्टात या, नाहीतर मी मशीन घेऊन घरी येते.

आपल्या कोकणात असे पैसे हातात येण्याचा एक खास हंगाम आहे. गणपतीला चाकरमानी येतो, आईच्या आरडीचे वर्षभराचे पैसे एकदम तुझ्या हातात देतो आणि म्हणतो, दर महिन्याला भरत जा, मी काही येत नाही. नाही म्हणू नको, पण ठेवूनही घेऊ नको. आरडीत आगाऊ हप्ते भरता येतात आणि सहा किंवा अधिक हप्ते एकदम भरले तर सूटही मिळते. त्याच्या समोर सगळे हप्ते भर, पासबुकावर नोंद आणि शिक्का करून दे. तो निर्धास्त मुंबईला जाईल आणि तुझ्या पेटीत दुसऱ्याचे सहा हजार दर महिन्याला थोडे थोडे कमी होत पडून राहणार नाहीत.

खातेदारालाही पावतीचं महत्त्व सांगत जा. 1978 साली एका बँकेच्या खटल्यात खातेदाराने ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे पावतीशिवाय पैसे दिले होते. तो व्यवहार नोकरीच्या कामातला नव्हता, म्हणून बँक जबाबदार नाही, असा निकाल लागला. आणि 2022 च्या फेब्रुवारीत किसान विकास पत्रांच्या खटल्यात उलट झालं. नोकराने नोकरीतलं काम करताना फसवणूक केली होती, म्हणून टपालखात्यालाच भरपाई द्यायला लावली. दोन निकालांमधला फरक म्हाताऱ्या माणसाला कायद्याच्या भाषेत कळणार नाही. त्याला एवढंच सांग, पावती घेतल्याशिवाय माझ्या हातात पैसे सोडू नका. स्वतःबद्दल असं सांगायला कमीपणा वाटू देऊ नको.

मनीऑर्डरीचं थोडक्यात. ज्याच्या नावे आहे त्यालाच, पूर्ण, त्याच्या हातात. अंगठा असेल तर साक्षीदार गावातला साक्षर माणूस, टपालखात्यातला नव्हे. घेणारा वारला असेल तर मुलगा कितीही रडला तरी द्यायची नाही, शेरा मारून परत पाठवायची. हे कठीण जातं. तेराव्याचा खर्च समोर दिसत असतो. त्या घरी तू स्वतःच्या पदरचे शंभर दे, पण मनीऑर्डर परत.

शिल्लक ठरलेल्या मर्यादेहून जास्त ठेवू नको. देणी असतील तर ती हिशेबात दाखव, उरलेली रक्कम कॅश बॅगेतून लेखा कार्यालयाला पाठव. घरात रोकड जितकी कमी, तितकी तुला रात्री झोप लागेल. बॅग येईल तेव्हा लाखेचं सील आधी बघ. तडा दिसला तर दोन माणसं बोलावून त्यांच्यासमोरच उघड.

वरचे कुणी आले आणि म्हणाले, पोस्टातले दोन हजार दे, तालुक्याला गेल्यावर पाठवतो, तर लेखी आदेश आणि पावती माग. मिळाली नाही तर देऊ नको. चांगला अधिकारी यावर रागावत नाही. मशीनचा पासवर्डही तसाच. तो तुझी सही आहे. पावसाळ्यात ओढा भरला, तू पोचू शकली नाहीस, तरी फोनवरून कुणाला पासवर्ड सांगायचा नाही. एक दिवस काम राहिलं तर लोक बोलतील, बोलू दे.

उद्या चार्ज घेताना घाई करतील. बस धरायची आहे, जेवण थांबलंय, सह्या करून टाका म्हणतील. तू बस. नोटा स्वतः मोज, नाणी मोज, तिकिटं पानापानाने मोज, तीही रोकडच. तारखेचा शिक्का, सील, पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक, आणि पोस्टात पडून असलेलं प्रत्येक पासबुक बघ. कागदावर लिहिलंय त्याहून एक रुपया कमी निघाला तर चार्ज रिपोर्टवर एक रुपया कमीच लिही आणि मग सही कर. संध्याकाळी मला फोन कर. पहिल्या दिवसाची शिल्लक किती निघाली, एवढंच सांग.