घर उबविण्याचीं साधनें : घासलेट व लांकूड

थंड मुलखांत घर उबविण्याचीं दोन साधनें अशीं : धुरांड्यावांचून जळणारी घासलेटाची शेगडी, व काश्मीर-लडाखांत असते तशी धुरांड्याची लांकडी बुखारी. यांत बरें कोणतें, याचा येथें विचार करूं.

1 किलो घासलेटापासून सुमारें 10,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. तितकी मिळण्यास वाळलेलें लांकूड सुमारें पावणेतीन किलो लागतें. शिवाय बुखारीची कांहीं उष्णता धुरांड्यावाटे वायां जाते. शेगडीची सर्व खोलींत राहते. परंतु शेगडीचा वायुही खोलींतच राहतो. 1 लिटर घासलेट जळतांना सुमारें 1 लिटर पाण्याची वाफ होऊन भिंतींस ओल येते. आणि हवा अपुरी पडतांच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य जागाही होत नाहीं. म्हणून धुरांड्यांतील काजळी वेळोवेळीं काढीत गेल्यास बुखारीच आम्हांस श्रेयस्कर वाटते.

हाच नियम आपल्या घरींही लागू आहे. बाळंतिणीच्या बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारें-खिडक्या लावून घेण्याची चाल कित्येक घरांत आहे. निखाऱ्यांचा धूर दिसत नाहीं, पण हा वायु त्यांतूनही निघतो. तरी शेगडी असेतों झरोका उघडा ठेवावा, व निजण्यापूर्वीं ती खोलीबाहेर न्यावी, अशी वाचकांस आमची विनंति आहे.