लघुग्रहांचा आघात : संभाव्यता आणि सज्जता

पृथ्वीवर सुमारे १ किलोमीटर व्यासाचा लघुग्रह सरासरी ५ लाख वर्षांतून एकदा आदळतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. याचा अर्थ असा आघात ठरावीक अंतराने होतो, असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी त्याची संभाव्यता ५ लाखांत एक असते, एवढाच. परंतु जोखीम केवळ संभाव्यतेवरून ठरत नाही. संभाव्यतेला हानीच्या परिमाणाने गुणले असता ‘अपेक्षित हानी’ मिळते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला आणि डायनासोरांसह सुमारे तीन-चतुर्थांश जीवजाती नष्ट झाल्या.

भूकंप थोपविता येत नाही. लघुग्रहाची कक्षा वेळीच समजल्यास मात्र आघात टाळणे शक्य आहे. २०२२ मध्ये ‘नासा’च्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या लहानशा खगोलाला धडक देऊन त्याचा भ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटविला. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या १ किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९० टक्क्यांहून अधिक शोधले गेले आहेत. १४० मीटरहून मोठ्यांपैकी निम्म्याहून अधिक अद्याप अज्ञात आहेत. खरी जोखीम या अज्ञातांमध्ये आहे. म्हणूनच आकाशनिरीक्षणावरील खर्च हा विम्याच्या हप्त्यासारखा, किंबहुना त्याहून अधिक उपयुक्त ठरतो : विमा हानीनंतर भरपाई देतो, निरीक्षण हानीच टाळू शकते.