स्क्रीन का फाटतो?

मराठी विभागासाठी लेख लिही असं सरांनी सांगितलं, तेव्हा पहिल्या व्हायव्हासारखी तंतरली होती. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ माझ्या पार्टनरनं तपासलेत. विषयही त्याच्याच खर्चानं मिळालाय... खर्चानं म्हणजे खरोखरच्या पैशांनी.

झालं असं, की काउंटर-स्ट्राइक खेळताना त्यानं झटकन डावीकडे वळायला माउस फिरवला, की समोरची दाराची चौकट मधूनच कापल्यासारखी दिसायची. वरचा तुकडा एका जागी, खालचा थोडा सरकलेला. मी पडलो कॉम्प्युटर ब्रँचचा, म्हणजे आमच्या मजल्यावरचा डॉक्टर! दोन मिनिटं बघितलं आणि ठोकून दिलं, "कार्ड गेलं रे." बिचाऱ्यानं सुट्टीत शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे काढले आणि सेकंडहँड, पण जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आणलं. बसवलं. आणि स्क्रीन आधीपेक्षा जास्त फाटायला लागला!!

विकणारा परत घेईना. मग मी लाजेनं वाचायला बसलो.

मॉनिटर चित्र एका क्षणात दाखवत नाही. वरून खाली, ओळीमागून ओळ रंगवत जातो. 60 हर्ट्झचा मॉनिटर अशा सेकंदाला 60 फेऱ्या मारतो, म्हणजे एका फेरीला साधारण 16.7 मिलिसेकंद. कार्डाला या फेरीशी काही देणंघेणं नसतं. त्याची फ्रेम तयार झाली की ते ती पुढे ढकलतं. फेरी अर्ध्यावर असताना फ्रेम बदलली, तर वर जुनं चित्र, खाली नवं. यालाच टेअरिंग म्हणतात.

पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी आमटी वाढत निघालाय आणि मध्येच कोणीतरी त्याच्या हातात कढीची बादली दिली. अर्ध्या पंगतीला आमटी, अर्ध्या पंगतीला कढी. आमटीही चांगली, कढीही चांगली, आचारी तर एकदम फिट! चुकली ती फक्त बादली बदलायची वेळ. आमच्या नव्या कार्डावर फ्रेमचा आकडा 200 च्या आसपास जात होता, म्हणजे एकाच पंगतीत तीन-तीनदा बादली बदलत होती. म्हणून चिरा वाढल्या. (आकडा 60 च्या खाली असला तरी चीर पडते बरं का, कारण बदल तरीही फेरीच्या मध्येच होतो.)

आता जे मी आधी करायला हवं होतं ते. चीर दिसते तेव्हा स्क्रीनशॉट घ्या, आणि त्याच वेळी मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंगही करा. स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीतली अख्खी फ्रेम उचलतो, त्यामुळे टेअरिंग त्यात येतच नाही, फक्त मोबाइलमध्ये दिसतं. स्क्रीनशॉटमध्येसुद्धा रंगीत ठिपके, वेडेवाकडे त्रिकोण असं काही आलं, तर मात्र ड्रायव्हर, तापमान किंवा कार्ड यांच्याकडे संशयानं बघा. फुकटची टेस्ट आहे. मी केली नाही.

उपाय जुना आहे : व्ही-सिंक. पंगत संपेपर्यंत बादली बदलायचीच नाही. चिरा गायब! पण तयार कढी घेऊन आचारी ताटकळत उभा राहतो, म्हणून माउस जड लागतो. शिवाय साध्या डबल बफरमध्ये एका फ्रेमला 18 मिलिसेकंद लागले तर 16.7 ची गाडी चुकते, थेट 33.3 ची पकडावी लागते आणि गेम 30 फ्रेमवर येतो. निवांत गेमसाठी हे चालतं, पण काउंटर-स्ट्राइकवाले शिव्या देतात.

दुसरा उपाय जास्त चांगला. इथे मॉनिटरच कार्डासाठी थांबतो : आचाऱ्यानं हाक मारली की वाढपी निघणार. एनव्हिडियानं 2013 मध्ये जी-सिंक आणलं, 2015 पासून एएमडीचे फ्रीसिंक मॉनिटर येऊ लागले आणि जानेवारी 2019 पासून फ्रीसिंकचे बरेच मॉनिटर एनव्हिडियाच्या कार्डांवरही चालतात, मात्र त्यासाठी सहसा डिस्प्लेपोर्टची केबल लागते.

पार्टनरचा मॉनिटर बघितला, तर तो 75 हर्ट्झचा आणि फ्रीसिंकवाला निघाला! विंडोजमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये तो 60 वरच पडून होता आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक बंद. एका सीनियरकडून डिस्प्लेपोर्टची केबल मागून आणली. 75 केलं, फ्रीसिंक चालू केलं, ड्रायव्हरमध्येही चालू केलं. तरी अधूनमधून चीर! कारण फ्रेम 75 च्या वर गेल्या की मॉनिटरची मर्यादा संपते. मग फ्रेमचा आकडा 72 वर बांधून टाकला. चौकट सरळ उभी.

पार्टनर म्हणाला, "आता जुनं कार्ड लाव."

लावलं. तीच केबल, त्याच सेटिंग. एकही चीर नाही. तो मला काहीच बोलला नाही, फक्त कॅबिनेटचं झाकण लावलं आणि जेवायला गेला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

नवं कार्ड विकायला काढलंय, मेसच्या बोर्डवर चिठ्ठी बघितली असेलच. येणाऱ्या पैशांत जेवढे कमी पडतील तेवढे मी महिन्याच्या हप्त्यानं देतोय. घ्यायला येणाऱ्यानं आधी आपल्या गेमचा स्क्रीनशॉट दाखवावा, त्याशिवाय आम्ही कार्ड विकणार नाही.