फुटबॉलमधील शिस्त व प्रशिक्षकाची जबाबदारी

फुटबॉलच्या मैदानावर बावीस खेळाडू आणि एक मुख्य पंच असतो, व रेषेबाहेर दोन्ही संघांचे प्रशिक्षक उभे असतात. सामना नव्वद मिनिटांचा. तेवढ्या वेळात धक्का बसतो, पायात पाय अडकतो, प्रतिपक्षाचा एखादा खेळाडू मुद्दाम डिवचतो, आणि कधी कधी पंचाच्या नजरेतून प्रत्यक्ष अन्यायही निसटून जातो. अशा वेळी एखाद्या खेळाडूच्या मनाचा तोल गेला तर दोष कोणाचा समजावा? त्या एकट्याचा, की त्याला शिकविणाऱ्याचाही? या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण सायंकाळी हा खेळ खेळतात आणि रात्री धंदेवाईक संघांचे सामने मोठ्या आवडीने पाहतात. म्हणून हा विषय त्यांस परका वाटणार नाही, आणि त्यांच्या आईबापांसही तो विचार करण्याजोगा वाटेल अशी आमची खात्री आहे.

प्रथम नियमांकडे पाहू. आज पंचाच्या खिशात जी पिवळी व तांबडी कार्डे असतात, त्यांचा जन्म एका भांडणातून झाला. १९६६ साली लंडनमधील वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड व अर्जेंटिना यांच्यामध्ये विश्वचषकाचा उपान्त्यपूर्व सामना चालू होता. जर्मन पंच रूडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कप्तान आंतोनियो रात्तीन यास बाहेर जाण्याची आज्ञा केली. पंचाला स्पॅनिश येत नव्हते, कप्तानास जर्मन येत नव्हते. कप्तान कितीतरी मिनिटे जागचा हलेना. हा प्रसंग पाहून पंचमंडळीचे प्रमुख केन ॲस्टन यांस चौरस्त्यावरील दिव्यांच्या रंगांवरून एक युक्ती सुचली. पिवळा रंग म्हणजे सावध राहा, तांबडा म्हणजे थांबा; ही भाषा साऱ्या जगास कळते. १९७० सालच्या मेक्सिको येथील विश्वचषकात ही कार्डे प्रथम वापरण्यात आली.

तांबड्या कार्डाच्या शिक्षेत एक विशेष आहे, त्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बाहेर गेलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नाही. अपराध एकाचा, पण उरलेल्या दहा जणांस अकरा जणांशी झुंजावे लागते. म्हणजे ज्याने नियम रचला त्याने हे गृहीत धरले आहे की, संघातील कोणाचाही राग हा त्याच्या एकट्याचा खासगी व्यवहार नव्हे. त्याचे मोल सर्वांस मोजावे लागते.

पुष्कळ वर्षे ही कार्डे खेळाडूंनाच दाखविली जात. २०१९ साली नियमांत फेरफार होऊन प्रशिक्षक व त्याचे सहकारी यांनाही ती दाखविता येऊ लागली. त्याच वेळी आणखी एक कलम घालण्यात आले. संघाच्या बाकावरून कोणी गैरवर्तन केले, पण ते नेमके कोणी केले हे पंचास कळले नाही, तर त्या ठिकाणी हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकास ती शिक्षा भोगावी लागते. वरवर पाहता हे अन्यायाचे वाटेल. परंतु घरात पाहुण्यासमोर मुलांनी गोंधळ घातला तर पाहुणा मुलांची नावे विचारीत बसत नाही. तो घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहतो. नियमाने येथे तेच केले आहे.

आता दोन उदाहरणे घेऊ. पहिले इंग्लंडमधील आहे. मँचेस्टर युनायटेड या संघात एरिक कँतोना नावाचा फ्रेंच खेळाडू होता. चेंडूवरील त्याची हुकमत विलक्षण होती, आणि त्याचा रागही तसाच. १९९१ साली फ्रान्समध्ये त्याने पंचाच्या अंगावर चेंडू फेकला होता. इंग्लंडमध्ये आल्यावर मार्च १९९४ मध्ये लागोपाठच्या दोन सामन्यांत त्यास मैदानाबाहेर घालविण्यात आले. पुढे २५ जानेवारी १९९५ रोजी क्रिस्टल पॅलेस संघाविरुद्धच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या खेळाडूस लाथ मारल्याबद्दल त्यास तांबडे कार्ड मिळाले. बाहेर जात असता एका प्रेक्षकाने त्याची निर्भर्त्सना केली, तोच कँतोनाने कठड्यावरून उडी घेऊन त्यास लाथ मारली.

याचे परिणाम कडक झाले. संघाने त्यास उरलेल्या मोसमापुरते दूर ठेवले आणि २०,००० पौंड दंड केला. इंग्लंडच्या फुटबॉल मंडळाने ती बंदी ३० सप्टेंबर १९९५ पर्यंत वाढविली व आणखी १०,००० पौंड दंड ठोठावला. न्यायालयाने दोन आठवड्यांची कैद सांगितली. अपिलात तिच्याऐवजी १२० तासांची समाजसेवा आली, आणि ती त्याने मुलांना फुटबॉल शिकवून पुरी केली. त्या मोसमात मँचेस्टर युनायटेडचे विजेतेपद अवघ्या एका गुणाने हुकले. एका क्षणाच्या रागाची किंमत यापेक्षा स्पष्ट आकड्यांत क्वचितच मांडता येईल.

या प्रसंगी संघाचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांचे कर्तव्य काय होते? त्यांनी या खेळाडूला पूर्वी फार सवलत दिली, असा आक्षेप घेता येईल, आणि मार्च १९९४ मधील दोन प्रसंग ध्यानात घेता तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पहिल्या ठिणगीस जो पाणी घालीत नाही, त्यास पुढे वणव्याशी गाठ पडते. परंतु शिक्षा झाल्यावर फर्ग्युसन यांनी जे केले ते शिकण्यासारखे आहे. त्यांनी अपराधावर पांघरूण घातले नाही आणि अपराध्यास टाकूनही दिले नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये वैतागून कँतोना इंग्लंड सोडण्याच्या विचारात पॅरिसला गेला, तेव्हा फर्ग्युसन स्वतः तेथे जाऊन त्याची समजूत घालून आले. १ ऑक्टोबर १९९५ रोजी कँतोना लिव्हरपूलविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला. त्या मोसमात संघाने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद व एफ. ए. कप ही दोन्ही पटकाविली. कपाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल कँतोनाचा होता, आणि त्या दिवशी संघाचा कप्तानही तोच होता. शिक्षा पुरी भोगू द्यावी, परंतु शिक्षेच्या काळात माणसाची साथ सोडू नये, हा गुरूचा धर्म येथे दिसून येतो.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे, आणि त्यात राग खेळाडूपेक्षा प्रशिक्षकास आला. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूर येथे इंडियन सुपर लीगमधील बाद फेरीचा सामना बंगळूर एफ. सी. व कोचीचा केरला ब्लास्टर्स या संघांत झाला. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही, म्हणून तीस मिनिटांचा जादा खेळ सुरू झाला. ९६व्या मिनिटास बंगळूरला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू अद्याप बचावाची भिंत उभी करीत होते व गोलरक्षक आपल्या जागेवर नव्हता. इतक्यात सुनील छेत्री याने चेंडू उचलून थेट जाळ्यात घातला. पंचाने गोल मान्य केला.

या ठिकाणी नियम असा आहे: ज्या संघास फ्री किक मिळते तो ती तत्काळ घेऊ शकतो. प्रतिपक्षास सव्वानऊ मीटरांच्या सुमाराचे ठरलेले अंतर मागे हटविण्याची मागणी त्याने केली आणि पंचाने थांबण्याची खूण केली, तर मात्र शिट्टीची वाट पाहावी लागते. केरळच्या मंडळींचे म्हणणे असे की, पंचाने आपणांस सावरण्यास अवधी द्यावयास हवा होता. पंचाचे मत निराळे पडले. त्या वेळी या लीगमध्ये पंचाच्या मदतीस चलच्चित्र पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. तक्रार प्रामाणिक असेल, असे आपण धरून चालू. पण पुढे काय झाले? प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपले खेळाडू मैदानाबाहेर बोलाविले. खेळाडू गेले, परत आले नाहीत. सामना बंगळूरला बहाल करण्यात आला.

आता हिशेब मांडून पाहा. गोल ९६व्या मिनिटास झाला. जादा खेळाची चोवीस मिनिटे शिल्लक होती. तेवढ्या अवधीत एक गोल फेडणे मुळीच अशक्य नव्हते. ती चोवीस मिनिटे पंचाने हिरावून घेतली नाहीत. ती प्रशिक्षकाच्या हाकेने गेली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तसमितीने संघास ४ कोटी रुपयांचा, तर प्रशिक्षकास ५ लाख रुपयांचा दंड केला, आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली. जाहीर क्षमा न मागितल्यास दंडाच्या रकमा वाढतील असेही बजावले. एप्रिलमध्ये संघाने व प्रशिक्षकाने दिलगिरी प्रकट केली. त्या दहा सामन्यांत संघास आपल्या मार्गदर्शकावाचून खेळावे लागले, हा तोटा रुपयांत मोजता येणार नाही.

याहून गंभीर कारणासाठी मैदान सोडणाऱ्यांचीही सुटका झालेली नाही. ९ डिसेंबर २०१२ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ईस्ट बंगालविरुद्ध खेळत असता मोहन बागानचा एक खेळाडू प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने जखमी झाला, आणि मध्यंतरानंतर तो संघ खेळावयास आलाच नाही. महासंघाने प्रथम त्यास दोन वर्षांसाठी लीगमधून दूर केले. नंतर ती शिक्षा बदलून २ कोटी रुपये दंड केला व त्याचे मिळविलेले गुण काढून घेतले. दुखापत खरी होती, तरीही खेळ सोडून देण्याचा मार्ग मान्य झाला नाही. तक्रार मांडण्यास पंच आहे, सामन्याचा अधिकारी आहे, महासंघ आहे, अपील आहे. प्रत्येकाने आपापला न्याय आपणच करावयाचा ठरविला तर खेळ उरणार नाही.

येथे कोणी म्हणेल, धंदेवाईक खेळाडू काही शाळकरी पोर नव्हे. तो मोठा वेतनदार, जाणता पुरुष. त्याच्या लाथेचा जाब प्रशिक्षकास का विचारावा? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच जबाबदारीची वाटणी नीट केली पाहिजे. लाथ ज्याच्या पायाने बसली, पहिला दोष त्याचा. तो कोणावर ढकलता येत नाही. कँतोनाच्या वेळी न्यायालयाने शिक्षा कँतोनासच सांगितली, फर्ग्युसन यांस नव्हे. परंतु संघात काय खपते व काय खपत नाही, हे ठरविणे प्रशिक्षकाच्या हाती असते. सरावाच्या वेळी आडदांडपणा करणाऱ्यास तो शाबासकी देतो की बाजूला बसवितो? उत्तम खेळाडूस एक नियम व साधारण खेळाडूस दुसरा, असे तो करतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला असता तो स्वतः कसा वागतो? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? रेषेबाहेर हातवारे करून ओरडणाऱ्या प्रशिक्षकाने मध्यंतरात संयमावर प्रवचन दिले, तर खेळाडू त्याचे शब्द विसरतील व हातवारे उचलतील.

यास्तव आम्ही जबाबदारीचे तीन भाग करितो. खेळाडूने आपल्या हातापायांचा व जिभेचा जाब द्यावा. प्रशिक्षकाने संघाच्या वळणाचा आणि स्वतःच्या वर्तनाचा जाब द्यावा. आणि या दोहोंमध्ये कप्तान हा दुवा आहे. २०२४ सालच्या युरोपीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत असा दंडक घालण्यात आला की, निर्णयाविषयी पंचाशी बोलावयास फक्त कप्तानानेच जावे. इतरांनी भोवती गराडा घातल्यास पिवळे कार्ड मिळावे. एकाने बोलावे व दहांनी ऐकावे, ही सवय शाळेच्या संघासही आजपासून लावून घेता येईल; तिला खर्च काहीच नाही.

विद्यार्थ्यांनो, पुढील सामन्यात पंचाचा निर्णय तुम्हांस चुकीचा वाटला, तर चोवीस मिनिटांची ही गोष्ट आठवा. पंचाने घेतलेला निर्णय तुमच्या हाती नाही; उरलेली मिनिटे मात्र तुमच्या हाती आहेत. आणि पालकांस आमची विनंती अशी की, आपल्या मुलाचा खेळ पाहावयास ते येतात तेव्हा मैदानाच्या कडेला तेही प्रशिक्षकच असतात. मूल गोल मारल्यावर बापाकडे पाहते, तसेच पंचाची शिट्टी विरुद्ध वाजली की तेव्हाही पाहते. त्या क्षणी बापाच्या चेहऱ्यावर त्यास जे दिसेल, तेच ते घरी घेऊन जाईल.